भिंगकाका आणि चिमणीची बाटली

सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात, तळमजल्यावर, जिन्याच्या मागच्या अंगाला एक काउंटर होतं. वर पाटी होती, ‘परत आलेला माल’. त्या पाटीखाली भिंगकाका एकोणतीस वर्षं बसले. तिथे येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा, “वापरलेलं नाही हो, नेलं तसंच आहे.” काका ते शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि वस्तू उचलून नाकाशी न्यायचे.

नाक हे त्यांचं पहिलं हत्यार आणि खिशातलं भिंग हे दुसरं. एकदा एक बाई पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, खोक्यातून काढलंसुद्धा नाही. काकांनी तळावरून बोट फिरवलं, ते हुंगलं आणि विचारलं, “डाळ जास्त करपली होती का वहिनी?” बाई पातेल्यासकट अंतर्धान पावल्या. नवेकोरे म्हणून आलेले बूट ते उलटे करायचे आणि शिवणीत अडकलेला खडा दातकोरणीने काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. एकोणतीस वर्षं रोज लोकांचं खोटं उलगडत बसलं की माणसाचं काय होणार? काकांचं तेच झालं होतं. माणसांवर विश्वास ठेवण्याची सवय त्यांनी नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिली होती आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

घरीही तोच कारभार. भाजी आणली की तराजूवर, दूध आलं की बोट बुडवून. काकू कधीकधी वैतागायच्या. “अहो, घरात तरी डोळ्यांना सुट्टी द्या. मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?” काका हसून सोडून द्यायचे, पण काकूंनी दिलेली सुट्टी त्यांच्या डोळ्यांनी कधी घेतली नाही.

अशा घरात चिमणी जन्मली. काकांची नात. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. सून चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायच्या कामाला. चिमणी अकरा महिन्यांची असताना काकूंनी तिला चमचाभर दही चाटवलं आणि दहा मिनिटांत पोरीचा वरचा ओठ सुजून टम्म झाला, अंगभर लाल गांध्या उठल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे. थेंबसुद्धा नको.

“शेळीचं चालेल?” काकूंनी विचारलं.

“नाही. शेळी, म्हैस, सगळी एका माळेची. आणि लॅक्टोज काढलेलं दूध मिळतं ना, तेही नाही. त्यातलं प्रोटीन तसंच असतं.” डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. वर्ष झालं की सोयाचं किंवा ओटचं दूध द्या, पण कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेलं आणि साखर न घातलेलं. बदामाच्या दुधात पोषणापेक्षा पाणी जास्त, त्यावर भिस्त ठेवू नका. तांदळाचं या वयात नको. औषधाची बाटली कायम जवळ ठेवा. श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता थेट दवाखान्यात आणा.

सुनेने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. काकांनी तो पर्समधून काढून आपल्या खिशात ठेवला. “हे खातं माझ्याकडे,” ते म्हणाले.

पुढचे चार रविवार ते दुकानांमधल्या फळ्यांपुढे उभे होते. स्वतःच्या दुकानात ते गेले नाहीत, कारण तिथलं त्यांना नको इतकं माहीत होतं. दुसऱ्या दुकानांत जायचे, एकेक खोकं उचलायचे, उलटं करायचे आणि भिंग लावून तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचायचे. एका ठिकाणी त्यांना सरकारी तपासनीस समजून मॅनेजरने खुर्ची आणि सरबत दिलं. काकांनी सरबत हुंगलं आणि परत दिलं. पण त्यांच्या शंकेखोरपणाला फळंही येत होतं, हे कबूल करायला हवं. कॉफीत घालायची एक पांढरी पावडर, पुढे ठसठशीत अक्षरांत ‘दूधविरहित’, आणि मागे, चिकटपट्टीच्या दुमडीखाली, केसिन. केसिन म्हणजे दुधातलंच प्रोटीन, हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं होतं. काकांनी ते खोकं घरी आणून सगळ्यांपुढे नाचवलं. “बघा! मी नसतो तर?” त्या दिवसापासून त्यांच्या संशयाला शिंगं फुटली.

सोयाचं दूध चिमणीने पहिल्याच घोटाला त्यांच्या चष्म्यावर फुर्रकन उडवलं. ओटचं मात्र ती मिटक्या मारत प्यायली. तेच ठरलं. पण पहिल्या खोक्याच्या तळाशी काकांना थोडा गाळ दिसला. ओटच्या दुधात तो असायचाच, खोकं हलवून घ्या असं वर लिहिलेलंही असतं. पण कारखान्यावर विसंबून राहतील ते भिंगकाका कसले! त्यांनी ठरवलं, चिमणीचं दूध गाळूनच द्यायचं.

सकाळी सगळ्यांत आधी तेच उठायचे. आपला चहा करायचे. सायीचा तुकडा जिभेला लागला तर त्यांचा दिवस खराब जायचा, म्हणून चहासाठीचं दूध ते बारीक जाळीच्या गाळणीतून गाळून घ्यायचे. मग गाळणी नळाखाली धरायची, दोनदा झटकायची, ओटचं खोकं हलवायचं आणि चिमणीची बाटली भरायची. बाटली पिशवीत, पिशवी खांद्यावर, चिमणी कडेवर. दोन गल्ल्या ओलांडल्या की पाळणाघर. काका तिला तिथे सोडून दुकानात जायचे. आठवड्यातून दोनदा त्यांना मालाच्या गाडीसाठी पहाटेची पाळी असायची, त्या दिवशी सून बाटली भरायची आणि चिमणीला सोडायची.

पाळणाघराच्या मावशी ठेंगण्या, रुंद, झपाझप चालणाऱ्या. चौदा वर्षं त्या आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लोकांची पोरं सांभाळत होत्या. चिमणीची गोष्ट कळताच त्यांनी तिच्यासाठी लाल पेला वेगळा काढला, खुर्ची वेगळी मांडली आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला, ‘लाल पेल्याला कोणी हात लावू नये’. काकांना हे जरा जास्तच वाटलं. त्यांच्या अनुभवात जो माणूस न विचारता पावती दाखवतो, त्याच्याच सामानात खोट निघते.

आणि झालं. एका मंगळवारी दुपारी मावशींचा फोन आला, चिमणीच्या तोंडाभोवती आणि मानेवर गांध्या उठल्यात. औषध दिलं, तासाभरात उतरल्या. शुक्रवारी पुन्हा. पुढच्या सोमवारी पुन्हा.

“बाटलीतलंच दिलं ना?” काकांनी विचारलं.

“तुम्ही देता तेच देते. दुसरं काही नाही,” मावशी म्हणाल्या.

काकांनी मान डोलवली. हे वाक्य ते एकोणतीस वर्षं ऐकत होते.

त्यांनी वही घातली, पहिल्या मंगळवारापासूनची. तारीख, कोणत्या खोक्यातलं दूध, किती वाजता दिलं, कोणी दिलं, त्या दिवशी पाळणाघरात किती पोरं होती, मावशींच्या अंगावर कोणता अ‍ॅप्रन होता. काही म्हणजे काही सुटलं नाही. मग सापळे. पिशवीच्या चेनला त्यांनी काळा दोरा बांधला, अशा गाठीने की दुसऱ्या कोणी सोडला तर कळावं. संध्याकाळी दोऱ्याची सुबक फुलगाठ मारलेली होती. “तुमचा दोरा सुटत होता, नीट बांधून दिलाय,” मावशी म्हणाल्या. या बाई दिसतात तितक्या साध्या नाहीत, असं काकांनी वहीत लिहून ठेवलं.

बुधवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते पाळणाघराच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस, चपला हातात, कुंडीवर एक पाय देऊन आत डोकावतोय! समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी त्यांना चोर समजून हटकलं कसं नाही, हेच नवल. आत मावशी एका पोरीच्या ओठांवरची दुधाची मिशी अंगठ्याने पुसत होत्या. लगेच त्या वळल्या आणि चिमणीच्या पिशवीकडे निघाल्या. सापडलं! काका कुंडीवरून उतरले. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता.

त्या संध्याकाळी पोरांना न्यायला आलेल्या सहा आया दारात उभ्या असताना काकांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “दुधाचे हात तसेच माझ्या नातीच्या बाटलीला लावता. मी डोळ्यांनी पाहिलंय. एखाद्या दिवशी पोर जाईल हातची, मग काय चौदा वर्षांचा अनुभव दाखवणार?”

“मी हात धुतले काका. बाटली उघडायच्या आधी साबणाने धुतले. तुम्ही पाहिलंत तर तेही पाहिलं असेल.”

“सगळे असंच म्हणतात.”

“आणि घरी?” मावशींनी हळूच विचारलं. “घरी बाटली कशी भरता तुम्ही?”

काका हसले. त्या हसण्यात एकोणतीस वर्षांचा तोरा होता. त्यांनी चिमणीला उचललं, लाल पेला तिथेच टेबलावर राहू दिला आणि ते निघून आले.

पुढच्या दोन दिवसांत तीन आयांनी आपापली पोरं पाळणाघरातून काढली. ही बातमी काकूंनी आणली. “बिचारीचं घर त्यावर चालतं हो,” त्या म्हणाल्या. काकांना वाईट वाटलं नाही.

आता चिमणी दिवसभर घरी. काकूंच्या गुडघ्यांना ती झेपेना, म्हणून सुनेने रजा टाकली. सुपरवायझरने बजावलं होतं, सोमवारच्या पुढे रजा लांबली तर जागा भरून टाकू. सून पेल्यात ओटचं दूध ओतायची आणि चिमणीला द्यायची, काही सोपस्कार नाहीत. तीन दिवस गेले. अंगावर काही उठलं नाही.

“आता बोला!” काका जेवताना म्हणाले. “पाळणाघर बंद, पुरळ बंद. अजून काय पुरावा हवा?”

सून ताटाकडे बघत म्हणाली, “बाबा, मंगळवारी मी कामावर काय सांगू?”

चौथा दिवस रविवार. सून थकून झोपली होती. काका नेहमीप्रमाणे उठले. चहा केला. दूध गाळलं. नळ सोडला, गाळणी झटकली, ओटचं खोकं हलवलं आणि बाटली भरली. चिमणी त्यांच्या मांडीवर बसून प्यायली आणि त्यांच्या बटणाशी खेळत राहिली.

दहा मिनिटांत तिने मान खाजवली. मग कान. मग ओठ सुजला. काकांनी हाक मारेपर्यंत पोरगी खोकायला लागली आणि त्या खोकल्यामागून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. सून अनवाणी रिक्षेत बसली. काका तिच्या शेजारी, हातात औषधाची बाटली, आणि तिचं झाकण त्यांना काही केल्या उघडेना. सुनेने ती हिसकावून घेतली.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. पाऊण तासाने चिमणीचा श्वास सरळ झाला. ती मास्क ओढायला लागली तेव्हा सून पहिल्यांदा रडली. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरबाई वही घेऊन आल्या. “काय दिलं होतं?”

“ओटचं दूध.”

“त्यात काही मिसळलं?”

“छे.”

“दुसऱ्या भांड्यातून, दुसऱ्या चमच्याने?”

“नाही हो,” काका म्हणाले. “काहीच नाही. खोक्यातून काढलं तसंच आहे.”

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि काका थबकले. हा सूर त्यांनी ओळखला. काउंटरच्या पलीकडून तो त्यांनी हजारदा ऐकला होता. आणि त्या माणसांपैकी निम्मी तरी खोटं बोलत नसत, त्यांना स्वतःलाच आठवत नसे, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

चिमणीला संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवणार होते. काका एकटे घरी आले. काकू काय झालं, काय झालं करत मागे आल्या, पण ते सरळ स्वयंपाकघरात गेले. सकाळचं सगळं तसंच पडलं होतं. त्यांनी बाटली हुंगली. खोकं हुंगलं. मग ओट्याच्या कडेची गाळणी उचलली, खिडकीशी नेली आणि भिंग लावलं.

वरून गाळणी चकचकीत होती. पण जाळी जिथे कडेच्या पट्टीत दाबून बसवलेली होती, त्या दुमडीत गोल फिरून एक पिवळसर रेघ होती. काकांनी दातकोरणी आणली, रेघेवरून फिरवली आणि नाकाशी नेली. आंबट वास. सायीचा. कितीतरी दिवसांची साय तिथे थरावर थर बसली होती, आणि तिच्यावरून ते चिमणीचं दूध गाळत होते.

ते खाली बसले. मग उठून वही आणली. मंगळवार, शुक्रवार, सोमवार. तिन्ही दिवस त्यांची नेहमीची पाळी. गुरुवार आणि शनिवार, पहाटेची पाळी, सुनेने भरलेली बाटली, पुरळ नाही. उरलेल्या दिवशी, खिडकीतून पाहिलं त्या बुधवारीही, बाटली त्यांनीच भरलेली, पण चिमणीने दोनच घोट घेऊन ती सारली होती. सगळं लिहिलेलं होतं. फक्त बाटली कोणी भरली हा रकाना वहीत नव्हता. अ‍ॅप्रनचा रंग होता!

“काखेत कळसा,” काकू म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. “मीच पाजलं गं तिला,” काका म्हणाले. “मांडीवर घेऊन पाजलं.” लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, काकूंनी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी, पोरं न्यायच्या वेळी, भिंगकाका पाळणाघराच्या दारात उभे राहिले. कागदी पिशवीत गाळणी होती. आया आता तीनच होत्या. मावशींनी त्यांना पाहिलं आणि एका पोरीच्या चपलेचा पट्टा लावत राहिल्या.

“मावशी, माझं चुकलं,” काका म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दोष माझ्या घरात होता. माझ्या हातात होता.” त्यांनी गाळणी काढून दाखवली आणि सगळं सांगितलं, सायीपासून कुंडीपर्यंत. कुंडीचं ऐकून एक आई फिसकन हसली. “त्या दिवशीचे शब्द मी परत घ्यायला आलोय.”

मावशी उठल्या. “परत कसे घेणार? ते वापरून झालेत काका. तीन घरं फिरून आलेत.”

काउंटरवर याच कारणासाठी त्यांनी शेकडो लोकांना हात हलवत पाठवलं होतं.

“पत्ते देता का?” शेवटी ते म्हणाले.

मावशींनी पत्ते दिले. काका त्याच संध्याकाळी तिन्ही घरी गेले, पिशवीत गाळणी घेऊन. पहिल्या घरी ऐकून घेतलं. दुसऱ्या घरी बसवून चहा दिला, आणि त्यांनी तो सायीसकट प्यायला. तिसऱ्या घरची आई दार अर्धवट उघडून उभी राहिली. “असं सांगायला मावशींनीच पाठवलं ना तुम्हाला?” तिने विचारलं. काका परोपरीने सांगत होते, आणि ती त्यांच्याकडे अगदी त्यांच्याच नजरेने बघत होती. त्या घरचं पोर काही परत आलं नाही. उरलेली दोन आली.

मंगळवारी सकाळी सुनेला कामावर हजर व्हायचं होतं. काका चिमणीला घेऊन पाळणाघराच्या दारात पोचले. मावशी घेतील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. चिमणीने मात्र मावशींना पाहून दोन्ही हात पुढे केले, आणि मावशींनी तिला घेतलं. लाल पेला होता तिथेच होता, पालथा घातलेला, पुसलेला.

मग मावशींनी पिशवीतून सुनेने भरलेली बाटली काढली. उजेडाकडे धरली. झाकण उघडून नाकाशी नेली. मग सरळ मोरीत ओतून दिली.

“आजपासून घरचं भरलेलं काही आत येणार नाही. फक्त बंद खोकं आणायचं. मी उघडीन, मी ओतीन.”

“आणलंय ना,” काका घाईने म्हणाले आणि खोकं पुढे केलं. “काल संध्याकाळी घेतलं. उघडलेलं नाही हो, आणलं तसंच...”

ते थांबले. मावशींनी खोकं हातात घेतलं आणि उलटं केलं. अक्षरं बारीक होती. त्यांनी डोळे बारीक केले, खोकं लांब धरलं, जवळ धरलं. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

मावशींनी ते घेतलं. चिकटपट्टीची एक कड, मग दुसरी, मग तळाची सगळी अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चिमणीला कडेवर घेऊन त्यांनी सावकाश तपासलं. दुकानाची वेळ होऊन गेली होती. काका दाराबाहेर उभे राहिले आणि त्यांचं तपासून होईपर्यंत हलले नाहीत.